हंगाम, जागरण आणि हृदय

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहणार असल्याने कामगारांवरचा भार वाढणार नाही, असे या निर्णयाच्या बाजूने सांगितले गेले. पण त्याच निर्णयात जादा कामाची मर्यादा तीन महिन्यांना ११५ तासांवरून १४४ तासांवर नेलेली आहे. तीन महिन्यांत साधारण १३ आठवडे असतात, म्हणजे जादा कामाचे आठवड्याला ११ तास होतात आणि ४८ मध्ये ते मिळवले की बेरीज ५९ भरते. जुन्या मर्यादेनेही ती ५७ च्या जवळ जातच होती. लोटे, महाड, रोहे इथल्या औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण आठवड्याला ५५ तास ही संख्या पुढे येणार आहे.

कोकणातल्या बहुसंख्य कष्टकऱ्यांना मात्र कारखान्यांची ही मर्यादा लागूच होत नाही. मार्च ते मे या काळात आंबा बागायतदार पहाटे आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमांखाली उभा असतो, दुपारी फळांची प्रतवारी करतो, संध्याकाळी पेट्या भरतो आणि वाशीच्या बाजाराला जाणारी गाडी निघेपर्यंत जागा राहतो. ट्रॉलरवरचा खलाशी दर काही तासांनी जाळे ओढायला उठतो, त्यामुळे त्याची झोप तुकड्यातुकड्यांची होते. मालवण, गणपतीपुळे, दिवेआगर इथे घरगुती निवास चालवणारी कुटुंबे मे महिन्यात पाहुण्यांच्या पहाटेच्या चहापासून रात्रीच्या शेवटच्या ताटापर्यंत उभी असतात. गणपतीत एसटीच्या चालकांचीही हीच स्थिती असते. ‘हंगाम आहे, चार दिवस ओढाताण होणारच,’ असे आपण सारे म्हणतो. या ओढाताणीत हृदयाचे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

हृदय स्वतः कधी जेवते?

हृदय मिनिटाला ७० वेळा आकुंचन पावते असे धरले, तर दिवसाला ते सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या स्थितीतही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरभर फिरवते. इतके काम ते आयुष्यभर करू शकते, कारण प्रत्येक ठोक्यानंतर ते थोडेसे सैल पडते. हा सैल पडण्याचा काळ रिकामा नसतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या खास रक्तवाहिन्या आहेत, त्यांना आपण हृदयधमन्या म्हणू. हृदय आवळलेले असताना त्याच्या स्नायूतून जाणाऱ्या वाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे सर्वाधिक काम करणाऱ्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला त्याचे बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या या सैल क्षणीच मिळते.

घरातल्या सर्वांना वाढून झाल्यावर पानावर बसणारी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. हृदयाचे तसेच आहे. पंगत उठल्यावर जी थोडी उसंत मिळते, तेवढ्यातच त्याला जेवायचे असते. ठोके मिनिटाला ७० असतील तर प्रत्येक ठोक्याचा सुमारे दोन-तृतीयांश काळ उसंतीचा असतो. ठोके १२० वर गेले की तो वाटा निम्म्याच्या आसपास येतो, आणि नेमके तेव्हाच काम वाढल्याने भूकही वाढलेली असते. निरोगी हृदयधमन्या रुंदावून ही तूट भरून काढतात. धमनी आतून अरुंद झालेली असेल, तर मात्र ताट रिकामेच राहते.

काम करणे हृदयाला मुळीच अपायकारक नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. अर्धा तास भरभर चढ चढणाऱ्याचे ठोके वाढतात, मग तो थांबतो, ठोके खाली येतात, आणि असे नित्य घडत राहिले की विश्रांतीच्या वेळचे ठोके पूर्वीपेक्षा कमी होतात. घात होतो तो ठोके आणि रक्तदाब खाली यायला सवडच मिळेनाशी होते तेव्हा.

शरीराची दवंडी

संकट आले की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. गावात दवंडी पिटावी तसे हे रसायन सगळ्या अवयवांना सावध करते. त्याने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त गोठण्याची तयारीही वाढते. त्यापाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचे दुसरे रसायन येते आणि ते रक्तातली साखर वाढवून दीर्घ लढ्याची रसद लावते. रानात समोर डुक्कर आले, तर पाच मिनिटांसाठी ही व्यवस्था प्राण वाचवते.

अडचण अशी की शरीराला डुक्कर आणि हप्त्याची तारीख यांतला फरक कळत नाही. अवकाळी पाऊस मोहोर झाडून टाकील का, दलाल पेटीला काय भाव देईल, डिझेलचा खर्च निघेल इतकी तरी मासळी मिळेल का, या काळज्या पाच मिनिटांत संपणाऱ्या नाहीत. त्या सहा महिने चालू राहतात, आणि दवंडीही तितकेच दिवस वाजत राहते. सतत वाढलेल्या दाबाने धमन्यांच्या आतल्या गुळगुळीत अस्तराला सूक्ष्म इजा होते. इजा झालेल्या जागी रक्तातली चरबी शिरते, तिथे दाह होतो आणि हळूहळू थर साचतो. माडाच्या बागेत पाणी नेणाऱ्या पाइपात वर्षानुवर्षे क्षार साचावा तसेच काहीसे हे घडते. फरक एवढाच की हा थर मऊ असतो आणि कधीतरी एकदम फाटतो. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते, गुठळीने धमनी बुजते आणि त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. अशीच गुठळी मेंदूच्या वाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. म्हणून या दोन आजारांचा विचार एकत्र करावा लागतो.

रात्रीची ओहोटी

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. समुद्राला ओहोटी यावी इतका हा नित्याचा क्रम आहे, आणि धमन्यांच्या अस्तराची बरीचशी डागडुजी याच वेळात होते. झोप अपुरी पडली, तुटक झाली किंवा रात्रीची दिवसा घ्यावी लागली, तर ही ओहोटी नीट येत नाही. रात्री ज्यांचा दाब उतरत नाही त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका अधिक असतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. पाळीने काम करणाऱ्यांविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाच्या ठराविक वेळी काम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी अधिक आढळले.

माझ्या मते जास्त कामाचा हृदयावर होणारा परिणाम समजून घेण्याची किल्ली इथेच आहे. दिवसाचे तास २४ च असतात, आणि १४ तास काम करणारा माणूस उरलेल्या १० तासांत प्रवास, जेवण, आंघोळ आणि घरची कामे उरकून जे शिल्लक राहील तेवढेच झोपतो. कामाचा प्रत्येक जादा तास बहुधा झोपेच्या खात्यातूनच काढलेला असतो.

५५ तासांचा आकडा कुठून आला?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये जगभरच्या अभ्यासांवर आधारित एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयधमन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात म्हटले आहे. २०१६ या एका वर्षात दीर्घ कामाच्या तासांमुळे जगात सुमारे ७,४५,००० मृत्यू झाले असावेत आणि २००० सालाच्या तुलनेत ही संख्या २९ टक्क्यांनी वाढली, असा तो अंदाज आहे. मृतांपैकी बहुतेक ६० ते ७९ या वयोगटातले होते, आणि त्यांनी ४५ ते ७४ या वयात असे दीर्घ काम केलेले होते. म्हणजे काम आज आणि दुखणे दहा वर्षांनी, असा हा व्यवहार असू शकतो, आणि म्हणूनच त्या दोहोंचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही.

१७ टक्के या आकड्याने घाबरूनही जाऊ नये आणि त्याला क्षुल्लकही मानू नये. समजा, एका विशिष्ट वयाच्या हजार माणसांपैकी २० जणांना या आजाराने मृत्यू येणार होता, तर त्या सगळ्यांनी दीर्घ काम केल्यास ही संख्या २३-२४ होईल. एकेका माणसाच्या दृष्टीने ही वाढ लहान आहे. पण जिथे सगळे गावच एका हंगामाला जुंपलेले असते, तिथे हे तीन-चार जण कोणाच्या ना कोणाच्या घरातले असतात.

जपानने हा प्रश्न फार आधी ओळखला. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला तिथे ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि २०१४ मध्ये तो टाळण्यासाठी तिथे कायदाही झाला. झटक्यापूर्वीच्या एका महिन्यात सुमारे १०० तास, किंवा झटक्यापूर्वीच्या दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी ८० तासांहून अधिक जादा काम झालेले असेल, तर कामाचा आणि आजाराचा संबंध प्रबळ आहे असे तिथले निकष मानतात.

‘आमचे आजे-पणजे दिवसभर राबत होते, त्यांना कुठे काय झाले?’

हा आक्षेप प्रत्येक ओटीवर ऐकू येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, म्हणजे हृदयधमन्यांचा आजार ज्या वयात डोके वर काढतो त्या वयापर्यंत अनेक जण पोचतच नव्हते. जे पोचले त्यांच्यापैकी कोणी ‘छातीत कळ आली आणि गेला’ असे म्हटले जाई, तेव्हा त्याची तपासणीही होत नसे आणि नोंदही राहत नसे.

पण या आक्षेपात एक खरे निरीक्षणही दडलेले आहे. जुन्या कष्टाला कडेकोट सीमा होत्या. दिवेलागणीनंतर शेतातले काम थांबत असे, दुपारी जेवून घटकाभर पडण्याची रीत होती, आणि उधाणलेला पावसाळी समुद्र होड्यांना किनाऱ्यावर ओढून ठेवायला भाग पाडी. आज मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी शासकीय बंदी असते, तेवढा एकच विसावा खलाशाला हक्काने मिळतो. बाकीच्यांच्या सीमा विजेच्या दिव्याने आणि मोबाईलने पुसून टाकल्या आहेत. रात्री साडेअकराला खोलीच्या आरक्षणाचा संदेश येतो आणि ग्राहक निसटू नये म्हणून त्याला उत्तर द्यावे लागते.

कष्टाचे काम हाच व्यायाम ना?

लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवून दिले, तेव्हापासून हालचालीचे महत्त्व सर्वमान्य झाले. म्हणून कामातले कष्टही आपोआप हृदयाला पोषक असणार, असा समज रूढ झाला. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांचा मागोवा घेऊन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चित्र वेगळे दिसले. मोकळ्या वेळातली हालचाल जितकी जास्त, तितका हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी होता. मात्र कामावरचे शारीरिक श्रम जितके जास्त, तितका तो धोका वाढलेला होता.

याचा उलगडा बराचसा वर सांगितलेल्या उसंतीतच आहे. व्यायाम करणारा दमला की थांबतो. खलाशाला जाळे अर्धे ओढून थांबता येत नाही, आणि जांभ्याच्या खाणीत चिरे उचलणाऱ्याला दम खायची वेळ ठेकेदार ठरवतो. आठ-दहा तास ठोके आणि दाब मध्यम चढे राहतात, पण हृदय बळकट होण्यासाठी लागणारा छोटा, जोमदार चढ आणि त्यानंतरचा पुरता उतार मिळत नाही. त्यात एप्रिल-मेचा उकाडा आणि घामाने आटलेले पाणी यांची भर पडते, कारण अंगातले पाणी कमी झाले की रक्त दाट होते आणि तेवढ्याच कामाला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. ‘मी रोज एवढा राबतो, मला रक्तदाब कसा असेल?’ असे म्हणून तपासणी टाळणारे गडी पाहिले की मला म्हणूनच वाईट वाटते.

मग दोष कामाचा की तंबाखूचा?

दोहोंचा आहे, आणि ते दोघे हातात हात घालून येतात. जागरण टिकवायला चहा, तंबाखू, मिश्री किंवा गुटखा लागतो, जेवण अवेळी होते आणि गडबडीत सुक्या मासळीवर, लोणच्यावर आणि फरसाणावर भागवले जाते. त्या मिठाने रक्तदाब वाढतो. संशोधक हे घटक बाजूला काढून हिशोब करण्याचा प्रयत्न करतात आणि तरीही दीर्घ तासांचा स्वतःचा असा वाटा शिल्लक राहतो. काम थकवते म्हणून तंबाखू येते आणि तंबाखूने धमनी आवळते, हेही कामाचेच एक अंग आहे.

भारतीयांना हे अधिक जपायला हवे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी आल्याचे दिसले, आणि मानसिक ताण हा त्यातल्या नऊ प्रमुख कारणांपैकी एक होता.

ज्या तासांची नोंद कोणी ठेवत नाही

वर आलेला ५५ चा आकडा मजुरी मिळणाऱ्या तासांचा आहे. काजूच्या कारखान्यात सकाळी नऊला पोचणारी बाई पहाटे पाचला उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते, मुलांना शाळेला धाडते, आणि संध्याकाळी परतल्यावर पुन्हा चुलीपाशी उभी राहते. नवरा मुंबईला असेल तर सासू-सासऱ्यांचे औषधपाणी आणि भातलावणीही तिच्याकडेच असते. कागदावर तिचे काम ४८ तासांचे दिसते, तिच्या हृदयाच्या हिशोबात ते ८० पर्यंत सहज जाते.

दुसरी अडचण निदानाची आहे. स्त्रियांमध्ये झटक्याच्या वेळी छातीतल्या कळेबरोबर किंवा क्वचित तिच्याशिवायही धाप लागणे, विलक्षण थकवा, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे अशी लक्षणे येऊ शकतात. घरात त्याला ‘पित्त झाले’ किंवा ‘वात भरला’ असे नाव मिळते आणि सोलकढी किंवा ओव्याची पूड दिली जाते. त्यात तास निघून जातात.

हंगाम टाळता येत नाही, मग काय करावे?

‘कमी काम करा’ हा सल्ला ज्याचे वर्षाचे उत्पन्न दहा आठवड्यांत ठरते त्याला देणे योग्य नाही. पण काम तेवढेच ठेवूनही काही गोष्टी बदलता येतात. बागेच्या रात्रीच्या राखणीच्या पाळ्या अशा लावाव्यात की प्रत्येकाला सलग सहा-सात तास झोप मिळेल, कारण एका सलग झोपेची सर दोन-दोन तासांच्या तीन झोपांना येत नाही. पेट्या भरण्याचे काम रात्री बारापर्यंत ताणण्याऐवजी दोन जादा माणसे घेऊन नऊला संपवता येते का, याचा हिशोब मजुरीबरोबर दवाखान्याचा खर्च धरून करावा.

रक्तदाब मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे. अनेक जण पावसाळ्यात, निवांत असताना तपासणी करतात आणि दाब बरा निघाला की वर्षभर निर्धास्त राहतात. बागायतदाराने तो एप्रिलमध्ये मोजावा, खलाशाने ऐन मासेमारीच्या दिवसांत बंदरात आल्यावर मोजावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी ती हंगामात मुळीच सोडू नये. ‘धावपळीत राहून गेली’ हे कारण सर्वाधिक ऐकू येते ते ज्या महिन्यांत गोळीची गरज सर्वाधिक असते त्याच महिन्यांत. समुद्रावर जाताना गोळ्यांची पुडी शिध्याबरोबर नौकेत असावी.

कळ आली तर

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखी कळ, ती डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम आणि धाप, यांपैकी काहीही काही मिनिटांत ओसरले नाही तर ते झटक्याचेच आहे असे धरून चालावे. कोकणात गुठळी काढण्याची सोय असलेली मोठी रुग्णालये अनेक गावांपासून दूर आहेत, आणि सिंधुदुर्गातून तर रुग्णाला अनेकदा गोव्याला किंवा घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागते. म्हणून खासगी गाडीने थेट लांबचा रस्ता धरण्याआधी १०८ क्रमांकाला फोन करावा आणि हृदयाचा आलेख काढता येईल अशा जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी पोचावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटक्यानंतर १२ तासांपर्यंत देता येते, पण त्याचा सर्वाधिक उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत होतो, आणि ते दिल्यावर पुढचा प्रवास पुष्कळ सुरक्षित होतो. किनाऱ्यापासून दूर असलेल्या नौकेवर कोणाला अशी कळ आली, तर नौका चालवणाऱ्या तांडेलाने जाळे ओढून होण्याची वाट पाहू नये. रुग्णाला टेकवून बसवावे, त्याला कोणतेही काम करू देऊ नये, बिनतारी यंत्रावरून किंवा फोनवरून बंदरावर कळवून तिथे १०८ ची गाडी बोलवावी आणि नौका लगेच किनाऱ्याकडे वळवावी.